मिरीच्या दाण्याचं भाडं

ब्रिटनमधल्या घरांबद्दल या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांचा विषय लीज, म्हणजे फ्लॅटचा ठरावीक वर्षांचा भाडेपट्टा, हाच होता. म्हणून बॉयलर आणि गळक्या छताची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही नवराबायको हॅरोला राहतो. २००९ साली इथे दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला, दोघांच्या नावावर. "९९ वर्षांची लीज आहे" एवढं सॉलिसिटरने सांगितलेलं आठवतं. आम्ही मनात म्हटलं, आपल्याला काय इतकं जगायचंय! गेल्या महिन्यात फ्रीहोल्डरच्या (जमिनीच्या मूळ मालकाच्या) एजंटाचं पत्र आलं. आठ हजार पौंडांत आणि ठरलेल्या नमुन्याच्या करारावर ते आमची लीज आजपासून १२५ वर्षांची करून देतील. ग्राउंड रेंट (जमिनीचं वार्षिक भाडं) आहे तेवढाच, म्हणजे वर्षाला २०० पौंड राहील. ही ऑफर २८ दिवसांसाठीच आहे. मला वाटतं देऊन टाकावेत आणि सुटावं. ह्यांचं म्हणणं, सरकारने ९९० वर्षांचा कायदा केलाय, थोडं थांबू, फुकटात होईल. नाशिकचे सासरे फोनवर म्हणाले, "म्हणजे सोळा वर्षं भाड्याच्याच घरात राहताय की!" तेव्हापासून ह्यांना झोप नाही. आमच्या लीजवर "२४ जून २००७ पासून ९९ वर्षे" असं लिहिलंय. फ्लॅटची आजची किंमत तीन लाखांच्या आसपास आहे. काय करावं?

उत्तर : आधी सासऱ्यांचं बोलू. त्यांचं पूर्ण चुकलं असं म्हणता येत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये फ्लॅट विकत घेतला म्हणजे बहुधा ठरावीक वर्षांचा भाडेपट्टा विकत घेतलेला असतो. जमीन आणि इमारतीचा सांगाडा फ्रीहोल्डरचा राहतो. पट्टा संपला की कागदोपत्री घर त्याच्याकडे परत जातं. पण दरमहा भाडं भरणाऱ्यापेक्षा तुमचे हक्क खूप मोठे आहेत, आणि त्यातला सगळ्यात मोठा हक्क हाच, की फ्रीहोल्डरची इच्छा असो वा नसो, पट्टा वाढवून घेता येतो. १९९३च्या कायद्याने तो दिला आहे. सासऱ्यांना सांगा, सून भाडेकरू असेल, पण तिला घराबाहेर काढणं सोपं नाही.

आता तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ. तुम्ही ती शेवटी, जाता जाता लिहिलीत : २४ जून २००७. तुम्ही फ्लॅट २००९ला घेतलात, म्हणून मनात हिशेब २००९ पासून चालू आहे. लीजचा हिशेब तसा नसतो. बिल्डर बहुतेक वेळा सगळ्या इमारतीला एकच तारीख घालतो, आणि ती बऱ्याचदा इथल्या जुन्या तिमाही दिवसांपैकी असते : २५ मार्च, २४ जून, २९ सप्टेंबर किंवा २५ डिसेंबर. तुम्ही किल्ली घेतली तेव्हाच जवळजवळ दोन वर्षं उडालेली होती. हा अंक छपाईला जातोय जानेवारी २०२६ मध्ये. म्हणजे तुमच्या लीजची ८० वर्षं आणि पाच महिने उरले आहेत. येत्या २४ जूनला ती बरोबर ८० वर्षांवर येईल.

८० या आकड्यात काय आहे? ८०पेक्षा एक दिवस जरी जास्त उरला असेल, तर फ्रीहोल्डरला दोनच गोष्टींची भरपाई द्यावी लागते. एक, त्याचा ग्राउंड रेंट बुडणार त्याची. दुसरी, घर त्याच्याकडे परत यायचं होतं ते आता आणखी ९० वर्षं उशिरा येणार त्याची. ८० किंवा त्याहून कमी झालं की तिसरी गोष्ट येते, तिला 'मॅरेज व्हॅल्यू' म्हणतात. लीज वाढल्यावर फ्लॅटची किंमत जेवढी वर जाते, त्यातून वरच्या दोन रकमा वजा करून जे उरतं, त्यातला अर्धा वाटा फ्रीहोल्डरचा. लग्नाशी काही संबंध नाही. लीज आणि फ्रीहोल्ड एकत्र आल्यावर जी जास्तीची किंमत निर्माण होते, तिचं हे नाव. हुंड्यासारखं वाटतं खरं.

तुमचेच आकडे घेऊन ढोबळ हिशेब करते. तीन लाखांचं घर ८० वर्षं आणि पाच महिन्यांनी मिळणार, तर त्याची आजची किंमत किती? फ्लॅटसाठी ५ टक्के दर धरायचा, हे 'स्पोर्टेली' नावाच्या खटल्यात ठरलं आणि तेव्हापासून बहुतेक सर्व्हेअर, म्हणजे घराची किंमत काढणारे तज्ज्ञ, तोच धरतात. त्या दराने साधारण ५,९०० पौंड होतात. २०० पौंडांच्या ग्राउंड रेंटचे ७ टक्क्यांनी सुमारे २,८००. बेरीज ८,७००च्या आसपास. आता समजा, आज न करता पुढच्या जानेवारीत केलंत. लीज ७९ वर्षं आणि पाच महिन्यांची झालेली असेल. वरच्या दोन रकमा मिळून ९,००० होतील, म्हणजे फारसा फरक नाही. पण तिसरी रक्कम येऊन बसेल. छोट्या लीजचा तुमचा फ्लॅट सर्व्हेअरच्या मते २,८०,०००चा असेल, तर वाढ २०,००० पौंडांची. त्यातून फ्रीहोल्डरचे ९,००० वजा केले की ११,००० उरतात, त्यांचे अर्धे ५,५००. एकूण १४,५००. एका वर्षाच्या आळसाची किंमत जवळपास सहा हजार पौंड. सर्व्हेअरचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण उडी कुठे बसते ते कळलं असेल.

एजंटाच्या आठ हजारांत मग वाईट काय, असं विचाराल. ८,७००पेक्षा ते कमीच दिसतात. पण कायद्याच्या वाटेने गेलात तर उरलेल्या ८० वर्षांवर ९० वर्षं वाढतात, म्हणजे १७०. एजंट देतोय १२५. आणि कायद्याच्या वाटेने ग्राउंड रेंट त्याच दिवशी शून्य होतो. लीजमध्ये लिहितात 'वन पेपरकॉर्न, इफ डिमांडेड', म्हणजे मागितलाच तर एक मिरीचा दाणा. आमच्या कोकणात पोफळीवर मिरीचे वेल चढवलेले असतात, त्यामुळे मला या वाक्याची नेहमी गंमत वाटायची. कोणी मागितलाच तर आईच्या डब्यातून पाठवता आला असता. आजवर कोणी मागितलेला मी पाहिला नाही. एजंटाच्या ऑफरमध्ये मात्र तुमचे २०० पौंड जुन्या लीजची मुदत संपेपर्यंत चालूच राहतात. २०२२च्या ग्राउंड रेंट कायद्याने त्यानंतरच्या वाढीव काळाला रेंट लावता येत नाही, पण आधीच्या ८० वर्षांचा लावता येतो, आणि तेच तो करतोय. २०० गुणिले ८० म्हणजे १६,०००. त्याने आठ हजार मागितले आणि सोळा हजार बाजूला ठेवून दिले. २८ दिवसांच्या मुदतीचं तर काही मनावर घेऊ नका. ती मुदत त्याची आहे. तुमची मुदत २४ जूनच्या आधी संपते.

बाहेरच्या बाहेर केलेलं एक्स्टेन्शन नेहमी वाईटच असतं असं नाही. फ्रीहोल्डर सज्जन असेल, १२५च्या ऐवजी १७० देत असेल, रेंट सोडत असेल, तर महिनाभरात काम उरकतं. पण तशी ऑफर आली तरी कायद्याची नोटीस आधी जाऊ द्या, बोलणी मग. यामागे माझा स्वतःचा पाय घसरलेला आहे, म्हणून सांगते.

मी लंडनमध्ये सॉलिसिटरच्या ऑफिसात २६ वर्षं कन्व्हेयन्सिंगची, म्हणजे घरांच्या खरेदी-विक्रीच्या कागदपत्रांची, कामं केली. दुसऱ्यांच्या लीजच्या तारखा मी लाल पेनने खुणा करून ठेवायची. स्वतःच्या वेंब्लीच्या फ्लॅटची लीज २०१० साली ८१च्या खाली आली, तेव्हा फ्रीहोल्डरच्या एजंटाला साधा फोन केला. माणूस अगदी गोड. "वी आर लुकिंग इन्टू इट", "सर्व्हेअर सुटीवर आहे", "ख्रिसमसनंतर पाहू". अकरा महिने असे गोड गेले. फोन बंद व्हायला नको म्हणून मी नोटीस पाठवली नाही, त्याला वाईट वाटेल म्हणून! एक दिवस लीज ७९ वर्षं आणि काही महिन्यांवर आली, आणि आठवड्याभरात त्याच गोड माणसाकडून आकडा आला. मॅरेज व्हॅल्यू धरून. मला सात हजार जास्त मोजावे लागले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. त्याने मला फसवलं असंही म्हणता येणार नाही. त्याने फक्त वाट पाहिली, आणि कॅलेंडर त्याच्या बाजूला होतं.

फोन, ईमेल, कॉफी, यांपैकी कशानेही घड्याळ थांबत नाही. थांबतं ते १९९३च्या कायद्यातल्या कलम ४२च्या, लीज वाढवून मागणाऱ्या नोटिशीने. ती ज्या दिवशी फ्रीहोल्डरला दिली जाते, त्याच दिवशी उरलेली वर्षं आणि किंमत गोठते. नंतर वाटाघाटी वर्षभर चालल्या तरी तुमचं गणित ८० वर्षांच्या वरचंच राहतं. म्हणून आता असं करा. सर्व्हेअर आधी, सॉलिसिटर नंतर, हा माझा क्रम. बरेच जण उलटं करतात, आणि मग नोटिशीत कुठला आकडा लिहायचा ते कोणालाच कळत नाही. सर्व्हेअर लीज-एक्स्टेन्शनची कामं नेहमी करणारा हवा. घर घेताना भिंतींची ओल तपासून गेलेला असेल तर चालणार नाही. फेब्रुवारीत त्याच्याकडून किंमत काढून घ्या. नोटीस एप्रिल संपायच्या आत गेली पाहिजे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात धावपळ नको, कारण नोटिशीत चूक झाली तर ती बाद होऊ शकते आणि नवी पाठवावी लागते.

चुका कुठे होतात ते सांगते. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, तर नोटीस दोघांच्या नावाने हवी. एकट्या ह्यांच्या नावाने गेली तर निकामी. ती खऱ्या फ्रीहोल्डरला गेली पाहिजे, एजंटाला नुसती गेली म्हणजे झालं असं नाही. फ्रीहोल्डर कोण ते लँड रजिस्ट्रीच्या नोंदीत थोड्या पौंडांत कळतं. तुमच्या आणि फ्रीहोल्डरच्या मध्ये दुसरा पट्टेदार असेल, तर नोटीस घ्यायला 'सक्षम' मालक कोण हे सॉलिसिटर शोधून काढेल. तुमच्या लीजवर मॅनेजमेंट कंपनी पक्षकार असेल तर तिलाही प्रत जाते. नोटिशीत तुम्ही देऊ केलेली किंमत आणि फ्रीहोल्डरने उत्तर द्यायची तारीख लिहावी लागते, आणि ती नोटीस दिल्यापासून किमान दोन महिन्यांनंतरची हवी. पहिला आकडा सर्व्हेअरच्या आकड्याहून थोडा खाली ठेवतात. बाजारात गेल्यासारखंच आहे ते, फक्त सॉलिसिटरच्या कागदावर.

पुढे फ्रीहोल्डर तुमच्याकडे अनामत मागू शकतो : देऊ केलेल्या किमतीच्या १० टक्के किंवा २५० पौंड, जे जास्त असेल ते. मग त्याची प्रतिनोटीस येते. त्याने मुदतीत ती पाठवलीच नाही, तर कोर्टाकडे जाऊन तुमच्या नोटिशीतल्या अटींवर लीज मागता येते. असं घडतं तेव्हा सॉलिसिटर ऑफिसात बिस्किटं वाटतात. प्रतिनोटीस आली की दोन महिने बोलणी करा. जमलं नाही तर तिच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत फर्स्ट-टियर ट्रायब्युनल या न्यायाधिकरणाकडे अर्ज झालाच पाहिजे. ही तारीख हुकली तर नोटीस मागे घेतली असं धरतात, आणि नवी द्यायला बारा महिने थांबावं लागतं. तोवर तुम्ही ८०च्या खाली गेलेले असाल. हे फ्रिजवर लिहून ठेवा. बहुतेक प्रकरणं ट्रायब्युनलपर्यंत जात नाहीत, अर्ज गेला की आकडे जवळ यायला लागतात.

खर्चात एक गोष्ट लोकांना धक्का देते. फ्रीहोल्डरच्या सॉलिसिटरची आणि त्याच्या सर्व्हेअरची वाजवी फीसुद्धा आजच्या कायद्याने तुम्हीच द्यायची. ट्रायब्युनलमधला त्याचा खर्च मात्र त्यात येत नाही. तेव्हा ८,७००च्या पुढे दोन्हीकडच्या फीचे पैसे बाजूला ठेवूनच निघा.

आता ह्यांचा कायदा. त्यांनी ऐकलंय ते खरं आहे. २४ मे २०२४ला तो मंजूर झाला. त्यात ९० ऐवजी ९९० वर्षं, आणि मॅरेज व्हॅल्यू रद्द. फ्रीहोल्डर मंडळी त्याविरुद्ध कोर्टात गेली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये हायकोर्टाने त्यांचा दावा फेटाळला. पण मंजूर होणं वेगळं आणि लागू होणं वेगळं. हे दोन्ही भाग अजून लागू झालेले नाहीत, आणि किंमत काढायचे नवे दरही ठरायचे आहेत. म्हणून तुमच्यापुरतं सांगते, थांबू नका. मॅरेज व्हॅल्यू रद्द होणार याचा फायदा ती द्यावी लागणाऱ्याला. तुम्ही आज नोटीस दिलीत तर तुम्हाला ती द्यायचीच नाहीये. राहिला ९९० आणि १७०मधला फरक. तो तुमच्या पणतवंडांच्या पणतवंडांनी बघायचा. थांबून तुम्ही फक्त एक मोठा धोका विकत घ्याल आणि बदल्यात विशेष काही मिळणार नाही. ह्यांना हा परिच्छेद वाचून दाखवा, सासऱ्यांना नको.

शंका आली तर लीजहोल्ड ॲडव्हायझरी सर्व्हिस ही सरकारी मदतीवर चालणारी संस्था फोनवर फुकट सल्ला देते. त्यांच्या वेबसाइटवर अंदाजाची रक्कम काढायचं साधनही आहे. माझा हिशेब त्यांच्याशी ताडून पाहा.

प्रश्न : रेडिंगला एक फ्लॅट आवडलाय. ७१ वर्षांची लीज शिल्लक आहे, म्हणून आसपासच्या फ्लॅटपेक्षा स्वस्त मिळतोय. मालक म्हणतो, "घ्या, नंतर वाढवा." खरंच इतकं सोपं असतं का?

उत्तर : पूर्वी याहून अवघड होतं. घर घेऊन दोन वर्षं झाल्याशिवाय लीज वाढवायचा हक्कच मिळत नसे. ती अट ३१ जानेवारी २०२५ पासून गेली. पण घर घेतल्यावर लँड रजिस्ट्रीत तुमचं नाव चढेपर्यंत नोटीस देता येत नाही, आणि ते चढायला महिने लागू शकतात. मधल्या काळात वर्षं सरकत राहतात.

म्हणून जुनी युक्ती अजून कामाची आहे. मालकालाच विक्रीच्या आधी नोटीस द्यायला लावा, आणि विक्रीच्या वेळी तिचा फायदा लीजसोबत तुमच्या नावे करून घ्या. 'सोबत' हा शब्द महत्त्वाचा. नोटीस एका दिवशी आणि फ्लॅट दुसऱ्या दिवशी असं झालं तर नोटीस मेली. नोटिशीचा खर्च तुम्ही देऊ करा, मालक तयार होतो. "नंतर वाढवा" म्हणणारा मालक नोटीस द्यायला मात्र नाही म्हणाला, तर स्वतः वाढवायला किती लागलं असतं ते त्याला ठाऊक आहे असं समजा.

तुमचं गणित हॅरोच्या ताईंसारखं नाही. तुम्ही ८०च्या खालीच आहात. मॅरेज व्हॅल्यू रद्द झाली तर तुमचा खरंच फायदा आहे, त्यामुळे थांबायचा मोह तुम्हाला होऊ शकतो. तो जुगार आहे, पण निदान ज्यात जिंकण्यासारखं काही आहे असा. मी असते तर सर्व्हेअरकडून आज वाढवायची रक्कम काढून घेतली असती, ती फ्लॅटच्या किमतीतून कमी करून मागितली असती, आणि मग थांबायचं की नाही ते ठरवलं असतं. ७१ वर्षांवर कर्ज द्यायला काही बँका नाक मुरडतात. तुमची बँक काय म्हणते ते ऑफर देण्याआधी विचारा, नंतर नाही.

प्रश्न : आम्ही एडिंबरामध्ये फ्लॅट घेतोय. लंडनच्या भावाने विचारलं, "लीज किती उरलीय?" एजंटाला विचारलं तर तो हसला. काही चुकलं का?

उत्तर : एजंट बरोबर हसला. स्कॉटलंडमध्ये फ्लॅट मालकीचाच असतो. तिथे १९७४ पासून घरांचे वीस वर्षांहून मोठे पट्टे करताच येत नाहीत, आणि जुन्या अतिदीर्घ पट्ट्यांपैकी बहुतेक २८ नोव्हेंबर २०१५ रोजी आपोआप मालकीत बदलले. भावाला सांगा, आमच्याकडे हा आजार नाही. छप्पर आणि जिन्याच्या दुरुस्तीचा खर्च शेजाऱ्यांमध्ये कसा वाटायचा, हा तुमच्याकडचा आजार. त्यासाठी इमारतीला फॅक्टर (देखभाल पाहणारा व्यवस्थापक) आहे का आणि छप्पर शेवटचं कधी दुरुस्त झालं, या दोन गोष्टी एजंटाला विचारा. या वेळी तो हसणार नाही.